माझ्याकडे नसलेली अक्षरं

सांगा, तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल? चूक तोंडावर दाखवणाऱ्यावर, की ती गुपचूप निस्तरून तुम्हाला खूश ठेवणाऱ्यावर? उत्तर जरा जपून द्या, कारण मी दुसऱ्या प्रकारातला. मी एक कीबोर्ड बोलतोय.

इजिप्तमधल्या तांता शहरात, हाज बसयूनींच्या फुटाणे-हलव्याच्या दुकानात, तराजूशेजारी माझं ठाणं. दुकानात राहिलं की बोलायची खोड लागतेच. जन्म कुठल्याशा कारखान्यातला. अंगावर अरबी अक्षरं तिथेच उमटली. हाजच्या नातीच्या, रोदैनाच्या शाळेनं हस्ताक्षराचा तास बंद करून टायपिंगचा सुरू केला, तेव्हा त्यांनी मला हौसेनं आणलं. गिऱ्हाइकाला हलवा चाखायला देत म्हणायचे, "बघा आमची पोर! तुमचा घास गिळून होईतो पान भरून टाकते."

खरी गोष्ट वेगळी होती. अरबी अक्षरं शेजारणीचा हात धरून चालतात. सुरुवातीला एक रूप, मध्ये दुसरं, शेवटी आणखी तिसरं. रोदैना नुसतं दाबायची, जोडायचं काम आम्ही यंत्रं करायचो. शाबासकी तिला. मी गप्प.

मग हाजच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. अख्ख्या बाजाराला हसवणारा आवाज तो! आता ते पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलतात, जुन्या धावत्या वळणात: अक्षरावरच्या दोन टिंबांच्या जागी एक रेघ, तीन टिंबांच्या जागी टोपी.

"गेद्दो, नीट लिहा ना! ही रेघ कसली मध्येच?" रोदैना आजोबांवर वैतागली.

"रेघ नाही गं, दोन टिंबं आहेत ती," तिची आई इनास म्हणाली. तेवढ्यात सासऱ्यांनी पुढचं खरडलं. इनासला वाचताना हसू आवरेना. "विचारतायत, टिंबं सुटी तोलून देऊ का?"

त्यांनी मलाही वापरून पाहिलं. एका बोटानं अक्षर शोधेपर्यंत गिऱ्हाईक निघून जायचं आणि टोमणा शिळा व्हायचा. त्यांनी मला बाजूला सारलं. इनास दुकानात नसली की आजोबा आणि नात शेजारी बसूनही मुकीच. माझी बटणं नुसती तडफडत.

एका दुपारी अशीच दोघं एकटी होती. हाजनी फळा तिच्यापुढे धरला. तिनं मला ओढलं आणि त्यातलं एकेक वळण माझ्या बटणांवर शोधू लागली. कसं सापडणार? माझ्याकडे सगळी अक्षरं एकटी, सुटी. हात धरलेलं एकही नाही. तिचं बोट अंगावरून फिरत होतं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

शेवटी तिनं पेन आजोबांच्या मुठीत कोंबलं. "शिकवा मला. पण चुकले तर ओरडायचं नाही हं!"

ओरडायचं नाही! बिनआवाजाचा तो म्हातारा पोट धरून इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग त्यानं तिचा हात धरून पहिलं अक्षर दुसऱ्याला जोडलं.

आता रोज दुपारी हेच चालतं. रेघ आणि टिंब तिला कळू लागलंय. पण हाजचा हात थरथरतो, दर आठवड्याला जरा जास्तच, आणि हस्ताक्षराचा तास परत सुरू करायची शाळेला अजून कसलीच घाई नाही. म्हणून मला चैन पडत नाही.

शाळेचा अभ्यास ती माझ्यावरच करते आणि झकास करते. मला अडगळीत टाका असं मी म्हणत नाही. पण पोरांच्या हाती मला द्याल तेव्हा मी काय दिलं आणि काय काढून घेतलं, दोन्ही मांडा. हिशेब खरा ठेवा, एवढीच विनंती.