आठ मिनिटांत

प्राध्यापकांनी सतराचा पाना गाडीच्या ऑइल चेंबरच्या बोल्टला बसवला आणि अंगातला सगळा जोर काढून चुकीच्या बाजूला फिरवला. बोल्ट आणखी घट्ट झाला.

गाडीखाली उताणं झोपलं की डावं-उजवं बदलतं, असं व्हिडिओतल्या माणसाने दोनदा बजावलं होतं. प्राध्यापकांनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण वही बॉनेटवर होती आणि ते बॉनेटच्या खाली. पाठीखाली फ्रिजचं खोकं उलगडून अंथरलेलं होतं. त्यावर छापलेलं ‘ही बाजू वर’ नेमकं त्यांच्या कानाशी आलं होतं. पुढची चाकं फळ्यांच्या चवडीवर चढवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. आयुष्यात एवढी पूर्वतयारी त्यांनी फक्त पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला केली होती.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बायकोच्या चपला दिसल्या.

"जमतंय का?"

"सुटत आलाय."

"काय, धीर?"

"बोल्ट."

"बरं," असं म्हणून चपला वर गेल्या.

चौथ्या हिसक्याला बोल्ट सुटला. मनगट बाजूला घ्यायचं, हेही वहीतच होतं. गरम काळं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं, मग त्याला घमेलं सापडलं आणि ते एका जाड, संथ धारेने पडत राहिलं. प्राध्यापक त्या धारेकडे पाहत पडून राहिले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

गाडी डिझेलची होती आणि दोन लाख सत्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली होती. गेल्या महिन्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या तरुणाने गाडीकडे न पाहता फक्त आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, एवढ्या जुन्या गाड्या आम्ही आता घेत नाही. नवीन मॉडेल दाखवू का? कॉफी घेणार?" प्राध्यापकांनी कॉफी घेतली आणि गाडी परत आणली.

सर्व्हिस सेंटरची चार वर्षं सोडली, तर त्याआधीची अकरा वर्षं या गाडीचं ऑइल त्यांच्या मेहुण्याने बदललं होतं. बायकोचा धाकटा भाऊ. पलीकडच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं, पण ताईच्या घरची गाडी तो गॅरेजमध्ये कधी बोलावत नसे. रविवारी सकाळी अवजारांची पिशवी घेऊन स्वतः यायचा, पलंगाखाली गेलेली चप्पल काढावी तितक्या सहज गाडीखाली सरकायचा आणि वीस मिनिटांत बाहेर यायचा. मग कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा, ताईच्या हातचं जेवायचा आणि दाजींशी जगातल्या कुठल्याही विषयावर सहमत व्हायचा. दाजींच्या शब्दावर इमारतीतल्या आणखी आठ गाड्या त्याच्याकडे जायला लागल्या होत्या. एवढ्यावर त्याचं गॅरेज उभं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

मग एका विद्यार्थ्याने बोलता बोलता सांगितलं, "सर, नवं ऑइल मधासारखं सोनेरी असतं."

प्राध्यापक तर्कशास्त्र शिकवत. घरी येऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. ऑइल बदलून आठच दिवस झाले होते. पट्टीवर डांबर होतं.

पुढच्या रविवारी मेहुणा जेवायला आला. प्राध्यापकांनी त्याला वर येऊ दिलं नाही, खाली पार्किंगमध्येच गाठलं. तिथे वरच्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर गाडी पुसत होते. आणखी दोन-तीन जण उगाच उभे होते. प्राध्यापकांनी पट्टी काढली, एका उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पुसली आणि तो काळा पट्टा सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हे नवं ऑइल?"

मेहुण्याने कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "दाजी, डिझेल आहे. लगेच काळं पडतं."

"लगेच म्हणजे? आठ दिवसांत?"

"आठ मिनिटांत."

सगळे हसले. प्राध्यापकही हसले. खोटं बोलणाऱ्याने निदान प्रमाण तरी राखावं, असं काहीतरी ते तेव्हा म्हणाले. दुसऱ्याच्या गाडीतलं काढलेलं ऑइल आमच्या गाडीत ओततोस, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत म्हटलं नाही. ते मॅनेजरांनी म्हटलं.

मेहुणा शर्टाला हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"एकदा स्वतः बदलून बघा मग," एवढं म्हणून तो गेला. वर त्याचं पान मांडलेलं होतं. बायकोने ते संध्याकाळी उचललं.

त्यानंतर आठ गाड्या एकेक करून दुसरीकडे जायला लागल्या. भांडण कुणाशीच झालं नाही. लोक नुसते यायचे थांबले. दीड वर्षाने गॅरेजला कुलूप लागलं. मेहुणा आता शहराबाहेर, ट्रकच्या डेपोवर होता. तिथे इंजिनांना कंपनीचे शिकलेले मेकॅनिक हात लावत. तो फाटकापाशी बसून टायरमध्ये हवा भरत असे.

प्राध्यापकांनी मात्र त्या प्रसंगाचा सदुपयोग केला. ‘नवं ऑइल सोनेरी असतं, हे ऑइल काळं आहे, म्हणून हे ऑइल नवं नाही’ हे उदाहरण ते दर वर्षी निर्दोष अनुमानाचा नमुना म्हणून फळ्यावर लिहीत. चार वर्षांत चार तुकड्यांच्या मुलांनी ते परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते.

आणि या चार वर्षांत त्यांनी स्वतः पट्टी एकदाही ओढून पाहिली नव्हती. सर्व्हिस सेंटरची छापील पावती मिळत होती. पावती असली की पट्टी कशाला बघायची?

धार बारीक झाली, मग थेंब थेंब. त्यांनी फिल्टर बदलला, बोल्ट या वेळी योग्य बाजूला फिरवून घट्ट केला, कण्हत बाहेर येऊन बॉनेट उघडलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला सर्व्हिस सेंटरचे स्टिकर एकावर एक चिकटवलेले होते. उष्णतेने त्यांचा कोपरा सुटला होता. प्राध्यापकांनी नखाने तो वर केला. खाली कागदाची चिठ्ठी होती, चिकटपट्टीने लावलेली, पेन्सिलीतली: ‘२,४१,३०० ला ऑइल बदललं. दाजी, पाणी बघत जा.’

त्यांनी कोपरा पुन्हा दाबून बसवला. तो बसला नाही.

मग त्यांनी सीलबंद डब्याचं झाकण मोडलं आणि नरसाळ्यातून ऑइल ओतायला सुरुवात केली. ऑइल खरोखर मधासारखं होतं. उन्हाच्या तिरपेत ते इतकं सुंदर दिसत होतं, की प्राध्यापकांनी मुद्दाम हळू ओतलं. निदान पहिलं विधान तरी खरं होतं.

व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे, कुठे गळतंय का ते पाहण्यासाठी गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवायची होती. किती वेळ, ते सांगितलं नव्हतं. प्राध्यापकांनी किल्ली फिरवली आणि घड्याळात पाहिलं. आपण घड्याळात का पाहिलं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. चारचाकी म्हातारी खोकली, थरथरली आणि मग एका लयीत चालू लागली. कुठेही गळत नव्हतं. दोन मिनिटांत ते समजलं होतं. तरी ते स्टिअरिंगवर हात ठेवून पुढची सहा मिनिटं बसून राहिले.

गाडी बंद केली. ऑइल खाली उतरू दिलं. पट्टी काढली, जुन्या बनियनला पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली.

काळं.

त्यांनी पट्टी पुसली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. बनियनवर एकाखाली एक पाच काळे पट्टे उमटले, वहीतल्या ओळींसारखे. सहाव्यांदा काढली तेव्हा त्यांनी ती पुसली नाही.

"वा, सर! आता हेही स्वतःच?"

मॅनेजर वर्तमानपत्र काखेत मारून उभे होते.

"बरं केलंत. परावलंबन नको. त्या तुमच्या मेहुण्याने आपल्या सगळ्यांना किती वर्षं गंडवलं, देव जाणे. बघू, नवं कसं दिसतं ते."

पट्टी पुसून आत घालणं हे दोन सेकंदांचं काम होतं. बनियन हातातच होतं. प्राध्यापकांनी पट्टी पुढे केली.

मॅनेजरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हे तर काळं आहे!"

"हो. आत्ताच घातलंय."

"मग दुकानदाराने फसवलं तुम्हाला."

"डबा सीलबंद होता. मी स्वतः ओतलंय. ओतताना सोनेरी होतं."

"सीलचं काय घेऊन बसलात! हल्ली सीलसुद्धा नकली असतं."

प्राध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस इतका ठाम होता, की क्षणभर त्यांना स्वतःच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं.

"डिझेलचं काळं पडतंच," ते म्हणाले. "आठ मिनिटांत. तो खरं बोलत होता. मी चुकलो. आपण सगळेच चुकलो."

मॅनेजरांच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू आलं. जिन्याकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला.

"कळतं हो मला. शेवटी बायकोचा भाऊ. घरात शांतता हवी तर असं म्हणावंच लागतं." त्यांनी प्राध्यापकांच्या खांद्यावर थोपटलं. "पण काय पकडला होतात त्याला त्या दिवशी! कागदावर पुसून! अजून सांगतो मी लोकांना."

ते गेल्यावर प्राध्यापकांनी जिन्याकडे पाहिलं. बायको चहाचा कप घेऊन उभी होती. चहावर साय धरली होती. म्हणजे बराच वेळ उभी असावी.

तिने कप बॉनेटच्या कडेला ठेवला आणि पट्टीकडे पाहिलं. हात लावला नाही.

"पहिलं वर्षभर विचारायचा तो," ती म्हणाली. "फोन केला की."

"काय?"

"दाजींनी स्वतः ऑइल बदललं का म्हणून."

"मग तू काय सांगायचीस?"

"काय सांगणार? कंपनीत देतात म्हटलं. मग विचारायचा, पाणी तरी बघतात का."

प्राध्यापकांनी बनियनची घडी घातली. पाच पट्टे आतल्या बाजूला गेले.

"आणि आता?"

"आता नाही विचारत. इंजिनाचं काहीच बोलत नाही. आम्ही आपलं हवापाण्याचं बोलतो."

"त्याला फोन लावतेस? या जुन्या ऑइलचं काय करायचं, ते विचारतो."

"नका," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात; राग असता तर सोपं गेलं असतं. "इंजिनाचं त्याला काही विचारू नका तुम्ही. आता नको."

"मग काय विचारू?"

"तो काय करतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

"टायरमध्ये हवा भरतो."

"बाहेरच्या गाड्याही येतात तिथे. रविवारी असतो दुपारपर्यंत." ती वळली. "चहा घ्या. निवलाय."

प्राध्यापकांनी चहा प्यायला. पट्टी जागेवर बसवली, बॉनेट लावलं, गाडी फळ्यांवरून खाली घेतली. मग पुढच्या चाकाशी उकिडवं बसून टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. घट्ट होतं. दुसरं पाहिलं. तेही घट्ट. मागची दोन्ही पाहिली. चारही चाकांत हवा अगदी बरोबर होती, आणि डेपो बारा किलोमीटरवर होता.

ते परत पहिल्या चाकाशी आले. व्हॉल्व्हची टोपी काढली, खिशातलं पेन उलटं धरलं आणि त्याचं टोक आत दाबलं.

फुस्स आवाज झाला. जिन्यावरच्या चपला थांबल्या. त्या खाली आल्या नाहीत, वरही गेल्या नाहीत.

प्राध्यापक मान एका बाजूला कलवून ऐकत राहिले. मग त्यांनी पेन काढून घेतलं. बारा किलोमीटर गाठता येतील एवढी हवा त्यांनी आत ठेवली.