सुटे आकडे

“आकडा जोडून सांगायचा नाही, सुटा सांगायचा. एकोणसत्तर म्हटलंस की ऐकणाऱ्याच्या कानात नुसतं सत्तर राहतं आणि त्याचा हात सातावर जातो. सहा, नऊ, असं म्हणायचं. समजलं?”

प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी बाटलीचं झाकण फिरवताना ताईला तो आवाज अजून ऐकू येई. तिने बाटलीवरची चिठ्ठी दिव्याखाली धरली.

“आठ, दोन.”

“आठ, दोन,” मदतनीस अण्णांनी परत म्हटलं आणि सकाळीच आकडे घालून ओळीने मांडलेल्या डब्यांतली ब्याऐंशी नंबरची डबी तिच्यापुढे सरकवली. ताईने चिमट्याने बाटलीतला तुकडा उचलला, डबीत ठेवला, झाकण दाबलं. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा बाटलीतून डबीत, डबीतून मेणात, मेणातून काचेवर जाई, आणि काचेवर डॉक्टर त्या माणसाचं पुढचं वाचत. या सगळ्या वाटेवर तुकड्याला नाव नसे. आकडा तेवढा असे.

दारात कोणीतरी खाकरलं.

“चपला राहू द्या पायात,” अण्णा मान वर न करता म्हणाले. “इथं खाली काय सांडलेलं असेल ते देवालाच ठाऊक.”

“देवाला ठाऊक असतं हे मान्य केलंत, एवढं पुरे,” असं म्हणत टेकडीवरच्या समाधीचे विश्वस्त आत आले.

ताईने त्यांना लगेच ओळखलं. धाकटी बहीण कॅन्सरने गेली त्याच्या चौथ्या दिवशी ते घरी भेटायला आले होते. पाणी पिऊन झाल्यावर पेला खाली ठेवता ठेवता म्हणाले होते, “एकदा समाधीवर आणायला हवं होतंत तिला. विश्वास कमी पडला.” ताई पेला उचलून उठली होती. त्यांना दारापर्यंत सोडून आली होती. त्याला आता आठ महिने झाले होते. एखाद्या बाईने व्रत पाळावं तसं तिने ते वाक्य पाळलं होतं. रोज, न चुकता, कोणाला न सांगता.

विश्वस्तांचं काम साधं होतं. गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या गाठीची तपासणी गेल्या वर्षी याच प्रयोगशाळेत झाली होती. कॅन्सर निघाला. बाईंनी ऑपरेशन नाकारलं आणि एक्केचाळीस दिवस समाधीवर जाऊन बसल्या. नंतर दुसऱ्या शहरात दोनदा तपासलं, काही नाही. आता रविवारच्या सभेत हा चमत्कार जाहीर करायचा होता. पण समाधीत विसावलेल्या गुरूंनीच घालून दिलेला नियम होता: असं काही जाहीर करण्याआधी ज्याचा विश्वास नाही अशा माणसाकडून चौकशी करून घ्यायची आणि तो जे लिहील ते शब्दन् शब्द सभेत वाचायचं.

“माझंच नाव कसं सुचलं?” ताईने विचारलं.

“उघडपणे नाही म्हणणारं दुसरं आहे कोण? बाकीचे नास्तिक मुलांच्या परीक्षा आल्या की वर येऊन जातात.” विश्वस्त मोकळेपणाने हसले. “खरंच विचारतो, अशा वेळी तुम्ही लोक काय म्हणता?”

“आजार नव्हताच, असं म्हणतो. किंवा होता, पण गुपचूप औषध घेतलं. किंवा अजून आहे, दिसत नाही एवढंच. क्वचित एखादी गाठ आपोआप विरते, तेही म्हणतो. आणि काहीच जमलं नाही तर म्हणतो, माणसं आठवतात तसं घडलेलं नसतं.”

“यातलं एकही लागू पडलं नाही तर?”

“तर अजून शोधा म्हणतो.”

“अहो, मग तुमचाही विश्वास दांडगाच की!”

अण्णांना हसू आलं. ताईने विश्वस्तांच्या हातातलं पत्र घेतलं आणि नीट घडी करून खिशात ठेवलं. तिला आनंद झाला होता. तो आनंद चांगल्या जातीचा नव्हता, हेही तिला कळत होतं.

जुने नमुने उघडायला संमती लागते म्हणून बुधवारी शिवणकामवाल्या बाई सही करायला आल्या. बोटाला सुईचे बारीक डाग, आवाज समोरच्याला कान द्यावा लागेल एवढाच.

“जे दिसेल ते लिहा, ताई. माझी भीड धरू नका.”

“चूक निघाली तर?”

“तरी उद्या सकाळी मी वर जाईनच. रोजचंच आहे ते.”

“मग मी कशाला डोळे फोडून घेऊ?”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “तुम्हाला हवंय म्हणून,” त्या म्हणाल्या. टोमणा मारल्यासारखं नाही, पाणी हवंय का विचारावं तसं.

ताईला त्यांचा राग आला. राग यावा असं त्या बाईत काहीच नव्हतं, म्हणून जास्तच आला.

गुरुवारी काम संपल्यावर ती कोठीच्या खोलीत शिरली. मेणाचे ठोकळे दहा वर्षं जपून ठेवायचे असा नियम होता. लाकडी खणांमध्ये ते ओळीने बसवलेले होते. बाईंचा आकडा एकोणऐंशी. तिने ठोकळा काढला, त्याच्यासोबतची डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि उभ्या उभ्याच वाचली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘तुकडा एक.’

मेणात दोन तुकडे होते.

ताईने ठोकळा खिडकीशी नेऊन पाहिला. दोनच. स्वच्छ, वेगवेगळे, शेजारी शेजारी. तिच्या तोंडून एक छोटासा हुंकार निघाला. कॅन्सर निघाला होता तो या दोन तुकड्यांत, आणि हे तुकडे शिवणकामवाल्या बाईंचे नव्हतेच. त्यांना काही झालंच नव्हतं. एक्केचाळीस दिवस त्या निरोगी अंगाने टेकडी चढल्या होत्या. रविवारी भरल्या सभेत विश्वस्तांना स्वतःच्या तोंडाने हे वाचावं लागणार होतं. ते कुठे अडखळतील, घसा साफ करायला कुठे थांबतील, हे ताईला आत्ताच दिसायला लागलं.

मग हे दोन तुकडे कोणाचे?

त्या दिवशी एकसष्टपासून एकोणऐंशीपर्यंत एकोणीस बाटल्या आल्या होत्या. तिने एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्या मेजावर पसरल्या. ‘तुकडे दोन’ असं एकाच चिठ्ठीवर होतं. आकडा एकोणसत्तर. वर नाव होतं धाकटीचं.

चिठ्ठी हातात घेऊन ती स्टुलावर बसली. मग उठून तिने एकोणसत्तरचा ठोकळाही काढला. त्यात एकच तुकडा होता. निरोगी. ‘काळजीचं कारण नाही’ हा निकाल धाकटीला मिळाला तो या तुकड्यावरून.

कसं झालं असेल ते तिला शोधावं लागलं नाही. कोणीतरी बाटली हातात घेऊन एकोणसत्तर म्हणालं. अण्णांचा हात सातावर गेला आणि एकोणऐंशीची डबी पुढे सरकली. संध्याकाळी बाईंची शेवटची बाटली राहिली आणि एकोणसत्तरची शेवटची डबी राहिली. एकच बाटली आणि एकच डबी उरली की आकडा कोण विचारतो?

समाधीवरचा चमत्कार म्हणजे धाकटीचं मरण होतं, दुसऱ्याच्या नावावर गेलेलं.

घरी जाऊन तिने अहवाल लिहायला घेतला. चार पानं झाली. आकडा सांगणाऱ्याचं नाव घालायची जागा तिने कोरी सोडली. तिला संशय नव्हता. त्या दिवशी ती स्वतः रजेवर होती आणि तिच्या जागी चष्मेवाला होता. दुसऱ्या पाळीचा. कामात घाई, तोंडात गाणं आणि आकडे नेहमी जोडून. आता तो कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत साहेब झाला होता. शेवटचं वाक्य लिहिताना तिने विश्वस्त आणि चष्मेवाला दोघांनाही डोळ्यांपुढे बसवलं: ‘मृत स्त्रीचा विश्वास कमी पडला नाही. तो तिने चुकीच्या माणसावर ठेवला होता.’

वाक्य तिने दोनदा वाचलं. छान उतरलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बापू आला. धाकटीचा नवरा. लग्नानंतर घरात सगळे त्याला जावईबापू म्हणत. पुढे जावई गळून नुसता बापू राहिला. तो बस चालवत असे आणि आताही कामावरच्या कपड्यांतच आला होता. ताईने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत असताना खुर्चीच्या हातावरून अंगठा पुढे-मागे फिरवत होता.

“म्हणजे तेव्हाच कळलं असतं तर...” तो म्हणाला.

“वाचली असती. बहुतेक.”

“मी म्हणत होतो हो, दुसरीकडे दाखवू. म्हणाली, वेडा आहेस का, ताईची लॅब आहे.” त्याचा अंगठा थांबला. “कोण तो?”

“अंदाज आहे. पण नोंदवही ऑफिसच्या कपाटात आहे, उद्या उघडतील.”

“नाव सांगाल ना? का तुमच्यातला म्हणून झाकाल?”

“बापू!”

“चुकलो. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. कागदावरून नाही, सभेत दहा जणांबरोबर नाही.”

“शब्द देते. सभेच्या आधी तुझ्यासमोर येऊन सांगेन.” मग तिने विचारलं, “काय करणार आहेस?”

“काही नाही. मारामारीतला माणूस आहे का मी?” तो खाली बघून बोलत होता. “नुसता जाऊन बसणार आहे त्याच्यासमोर. ड्यूटी संपली की रोज. बोलणार नाही. बसणार आणि त्याच्याकडे बघणार. त्याने जेवावं, पेपर वाचावा, काय हवं ते करावं.”

“किती दिवस?”

“मला निवृत्त व्हायला एकवीस वर्षं आहेत.”

ताईने मान हलवली. तिला ते पटलं होतं. चष्मेवाल्याच्या नव्या घरातली खुर्चीसुद्धा तिने मनातल्या मनात बापूसाठी मांडून पाहिली.

शनिवारी दुपारी अण्णांनी नोंदवही आणून तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः सोमवारच्या डब्यांवर आकडे घालत बसले. ताईने पान काढलं. ‘सांगणारा’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत चष्मेवाल्याचं आडवंतिडवं अक्षर होतं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. तिचं बोट खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

“अण्णा, हे काय आहे?”

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे? ‘ता’ लिहिलंय. ताईचा ता.”

“मी रजेवर होते त्या दिवशी.”

“होतातच की. बहिणीला दवाखान्यात घेऊन गेला होतात ना? तिथून बाटली घेऊन तुम्हीच आलात धावत, बाहेरच्या कपड्यांत. चष्मेवाल्याला म्हणालात, सरक रे जरा. मला म्हणालात, अण्णा, एवढी एक आधी घ्या, घरची आहे.” अण्णा हसले. “तो पोरगा चिडला होता. नियमाने एकामागून एक आकडा घेत चालला होता बिचारा.”

ताईला सगळं आठवलं. जिना चढून लागलेली धाप, हातातली कोमट बाटली, खाली बाकावर बसलेली धाकटी. आपल्या ओळखीने बहिणीचं काम लवकर झालं, याचं वाटलेलं समाधान. नंतर निकाल हातात ठेवताना, ‘मी स्वतः नेली होती बाटली, निर्धास्त राहा,’ असं तिला सांगितल्याचंही आठवलं. एकच गोष्ट आठवत नव्हती.

“अण्णा, मी आकडा कसा सांगितला?”

“कसा म्हणजे?”

“सुटा, की जोडून?”

“आता ते काय... घरच्यासारखाच सांगितला असणार. गडबडीत होतात तुम्ही.” अण्णांचे ओठ हलले. तो आकडा त्यांनी एकदा स्वतःशीच म्हणून पाहिला. त्यांचं बोट समोरच्या डब्यांकडे गेलं, सातच्या ओळीवर थांबलं आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी ते हळूच मागे घेतलं.



“चष्मेवाल्याचीच तर पानभर नोंद आहे,” अण्णा म्हणाले. ते ताईकडे बघत नव्हते. “त्याचं आता काही बिघडणार नाही. आणि हे सगळं पेन्सिलीतच आहे.”

त्यांनी खोडरबर मेजावर ठेवलं आणि हात धुवायला नळाकडे गेले. नळ त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवला.

ताईने पेन काढलं. एकोणसत्तरच्या ओळीतला तो ‘ता’ तिने शाईने गिरवला, कान्याच्या टोकापर्यंत. मग पिशवीतून अहवाल काढून तिसऱ्या पानावरच्या कोऱ्या जागेत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. शेवटचं पान उघडलं. तिथलं वाक्य वाचलं. त्यातला एकही शब्द बदलावा लागला नाही.

“हे उद्या सकाळी विश्वस्तांना पोचवाल?” तिने अहवाल पाकिटात घालून अण्णांपुढे धरला. “शब्दन् शब्द वाचायचं म्हणावं. नियम आहे त्यांचा.”

“तुम्ही नाही जाणार?”

“सभेला जाईन. समोर बसेन.”

अण्णांनी ओल्या हातांनी पाकीट घ्यायचं टाळलं, आधी हात पुसले. “आता कुठे निघालात?”

“बापूची गाडी सव्वाचारला टाकीजवळच्या थांब्यावर लागते. वीस मिनिटं असतो तिथे.”

“अजून तास आहे की. आणि इथून तिकडे बस जाते.”

ताईने पांढरा कोट काढून खुंटीला लावला. बाहीचं टोक उलटं झालं होतं ते सरळ केलं. जिन्यात दोघं-तिघं बाटल्या घेऊन वर येत होते. त्यांना वाट देत ती भिंतीला लागून एकेक पायरी उतरली आणि टाकीच्या रस्त्याला चालतच निघाली.