रिकाम्या बाकाचा थकवा

मी एक जुना दगडी बाक आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, बाकाला कसला आलाय थकवा? पण अकरा वर्षे नुसते रिकामे राहून पाहा, मग बोलू.

धुळाजी पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले, तिघेजण ऐसपैस बसतील एवढा. लिंबागणेशच्या अलीकडे, फाट्यावरच्या लिंबाखाली मला मांडले. समोरच आप्पारावांचे घर. दिल्लीत मोठमोठी पदे भूषवून ते गावी परतले आणि रोज सकाळी माझ्यावर येऊन बसू लागले.

आमच्याकडे मोठ्या माणसासमोर गडीमाणूस खालीच बसतो, आणि बायका तर पदर सावरून लांब उभ्या. आप्पांना ते खपत नसे. ते स्वतः टोकाला सरकत आणि म्हणत, "आदी बस, मंग बोल." बसल्याशिवाय ते कोणाचे गाऱ्हाणेच ऐकत नसत. ते माझे खरे दिवस होते!

आप्पा गेले. त्यांच्या नावाने इथे उद्यान झाले, पुतळा बसला. मला मात्र साखळी घातली आणि पाटी लावली : 'आप्पांचे आसन. कोणीही बसू नये.' जयंतीला माझ्यावर हार पडतो, तो आठ-आठ दिवस तिथेच कुजतो. धोंडीराम रखवालदार दिवसभर शिट्ट्या फुंकून लोकांना उठवतो. त्याचा मला भारी राग यायचा.

परवा, जयंतीच्या आदल्या दिवशी, छबुबाई आली. ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली, गुडघे पार कामातून गेलेले. पुतळ्याला हात जोडून म्हणाली, "आप्पा, माजी पोर तेजश्री नर्स झाली. अंबाजोगाईला लागली. तुमालाच सांगायला आले."

एवढे बोलून ती टेकायला माझ्याकडे वळली. तिने माझी साखळी धरली. लगेच शिट्टी वाजली.

"मावशी, तिथं न्हाई बसायचं! आप्पांची जागा हाय."

"म्हाईत हाय, बाबा. पोरीची शाळा ऊसतोडीपायी सुटत व्हती, तवा आलते मी. खाली बसाय लागले, तर आप्पांनी ह्याच टोकाला बसिवलं. मंगच पोरीच्या वसतिगृहाचं बोलले."

धोंडीरामने शिट्टी खिशात टाकली. त्यालाही आप्पांनी एकदा असेच बसवले होते, मला चांगले आठवते. त्याने साखळीचा आकडा काढला.

"बसा, मावशी."

"आरं, तुला बोलतील की!"

"बोलू द्या. आप्पा असते तर शिट्टीपायी आदी मलाच हाकललं असतं."

छबुबाई बसली. अकरा वर्षांनी माझ्यावर माणसाचे वजन आले. मला रडूच आले असते. ती त्याच टोकाला बसली होती. मग शेजारी हात थोपटून म्हणाली, "तू बी टेक. लई येळ उभा हायेस."

दोघे घटकाभर बसले.

दुसऱ्या दिवशी जयंतीला उद्यानाच्या समितीने धोंडीरामला चारचौघांत झापले, साखळी पुन्हा लावली आणि माझ्यावर हार टाकला. भाषणे झाली. ऐकणारी माणसे उन्हात उभीच होती.

मित्रांनो, मी दगड आहे, बसल्याने झिजत नाही. कधी इकडे आलात तर माझ्यासाठी हार आणू नका. तेवढा साखळीचा आकडा काढा, माझ्यावर बसा, आणि कोणी शेजारी उभे दिसले तर जरा सरका.