लाल लेस बांधलेली पायरी

मित्रांनो, मी चपला-बुटांच्या दुकानातली जुनी लाकडी शिडी आहे. सुताराने मला बनवलं तेव्हा माझ्या आठही पायऱ्या ठणठणीत होत्या. छतापर्यंत रचलेल्या खोक्यांतून गिऱ्हाइकाच्या मापाचा जोड काढायचा, हेच माझं काम. दुकानातले सर्वांत जुने विक्रेते काका बूट काढून अनवाणी चढायचे. "घरात तरी मला इतकं कोण उचलून धरतं?" असं म्हणायचे. मी फुलून जायचे.

मग तिसऱ्या पायरीला तडा गेला. काकांनी मालकांच्या कानावर घातलं.

"बघू, सुतार मिळाला की," मालक म्हणाले.

सुतार काही मिळाला नाही. शेवटी काकांनीच त्या पायरीला बुटाची लाल लेस गुंडाळली. उतरताना हातात खोकी असली, खालचं दिसत नसलं, तरी तळव्याला लेस लागली की ते ती पायरी ओलांडायचे.

खरं सांगू? त्या लेसनेच घात केला. ती बांधली आणि सगळे निर्धास्त झाले. दोन वर्षं सुताराचं कोणी नाव काढलं नाही. तडा मात्र आतून रोज केसभर पुढे सरकत होता. मला कळत होतं, पण मी सांगणार कोणाला?

एकदा काका सुट्टीवर असताना मालकांची नजर माझ्यावर पडली. "काय हा अवतार," म्हणत त्यांनी लेस सोडून फेकली आणि मला तपकिरी रंग फासला. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. चढताना काकांनी सवयीने तिसरी पायरी ओलांडली. उतरताना हनुवटीपर्यंत चार खोकी होती. तळवा लेस शोधत होता. गुळगुळीत लाकूड लागलं, तेव्हा त्यांना वाटलं, ही चौथीच. त्यांनी पूर्ण भार टाकला.

त्यांचे बूट तीन दिवस माझ्या पायाशी पडून होते. मग त्यांची मुलगी येऊन घेऊन गेली. काकांचा गुडघा आता वाकत नाही. मला फार वाईट वाटतं.

मालकांनी तुटलेल्या तिसऱ्या पायरीच्या जागी एक फळी ठोकली, वर पुन्हा रंग. आता नव्या ताई चढतात. आज सकाळी पाचवी पायरी करकरली. ताईंनी ऐकलं, मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "बघू." ताईंनी विक्रीच्या लेसांतली एक लाल लेस घेतली आणि पाचवीला घट्ट बांधली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी हात जोडून उलटं सांगते. मला जपू नका. मला मोडून टाका, आणि तेही ताई संध्याकाळी पुन्हा चढायच्या आत.