पुढच्या सीटवरची मधली जागा

सासऱ्यांनी घेतलेली आमची अँबेसेडर बरेच दिवस गोठ्याशेजारी नुसती उभी होती. पेट्रोल पिण्यात तिचा हात कुणी धरला नसता, आणि कापसाचे भाव असे पडलेले, की आमच्या बोरी अरब गावात चार माणसं जमली तरी घटकाभरात गप्प होऊन उठायची. आमचे हे, म्हणजे भगवानराव, तर घरातही बोलेनासे झाले होते. म्हणून एका सकाळी ते माझ्या अंगणात खडूनं इंजिन काढताना दिसले, तेव्हा मी सड्याची बादली खाली ठेवली. रांगोळीची जागा होती ती, पण म्हटलं काढू देत.

दिग्रसचा मिस्त्री हिरासिंग शेजारी उकिडवा बसून चुका सांगत होता. बेत असा : पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि मोडीत निघालेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन बसवायचं. ते लांबीला जास्त, म्हणून रेडिएटर पुढे सरकवायचा. सोबत त्याचाच पाच गिअरचा डबा. आमच्या जुन्या गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली होता. नवा गाडीच्या तळाला भोक पाडून वर येणार होता.

"पाच गिअर हायेत त्याले," हे मला म्हणाले. "गाडी कशी पयते पाहाजो."

ते हसत होते. त्यांनी न मागताच मी दुसरा चहा दिला.

दांडा नेमका कुठे येईल ते कळावं म्हणून यांनी सरपणातून एक पऱ्हाटी ओढली, कपाशीचं ते वाळकं झाड सोललं आणि गाडीत, मिस्त्रीनं केलेल्या खुणेवर मातीच्या गोळ्यात उभं केलं. मग मला हाक मारली. "बसून पाह्य, गुडघा लागते का?"

लागणारच. खूण माझ्याच जागेवर होती.

पुढच्या सीटवर खिडकी सासूबाईंची, कारण मागे बसलं की त्यांना गाडी लागते. मधे मी. घरात चार माणसांपुढे आम्ही दोघं कधी एका सतरंजीवर बसलो नाही, पण दिग्रसपर्यंत खांद्याला खांदा लावून जायचो आणि कुणी काही म्हणत नसे. सीटच तशी होती ना. वाटेत हे रस्त्यावरची नजर न काढता हात पसरायचे आणि मी सुपारी ठेवायची. मला ती गाडी आवडायची ती एवढ्याचसाठी.

"मंग म्या कुठी बसू?"

"मागं. ऐसपैस." मागची सीट माझ्या नावावर करून दिल्यासारखे हे म्हणाले.

मी मागे जाऊन बसले. रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता. पण या माणसाला कितीतरी दिवसांनी हुरूप आला होता, त्यावर विरजण कशाला घालायचं. पुढे हे तोंडानं इंजिनाचा आवाज काढत पऱ्हाटीचे गिअर टाकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्यानंतर सवयीनं त्यांचा डावा हात बाजूला पसरला.

"सुपारी," ते म्हणाले.

"त्या दांड्यालेच मागा."

हिरासिंगनं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. हे मागे वळून माझ्याकडे बघत राहिले, मग पऱ्हाटीकडे. कान लाल झाले होते.

"हिरासिंग, जुन्या अँबेसेडरात डिझेल यायचं, त्याचा गिअर कुठी रायते?"

"स्टिअरिंगखालीच, भाऊ. पण चारच. अन् ते इंजिन कुथत चालते. पाचाचं सोडून ते कायले घेता?"

"पाचवा टाकाले रस्ता कुठी हाय इकडं?" हे गंभीरपणे म्हणाले. "बोरीपासून दिग्रसपावतर सारे गड्डे."

हिरासिंगनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाय, भाऊ. गड्डे लय हायेत."

दोघं अंगणात परतले, खडूचं इंजिन पायानं पुसलं आणि नवं काढायला बसले. मी पुढे येऊन ती पऱ्हाटी उपटली, चुलीत सारली आणि चहा ठेवला. कप रिकामा झाल्यावर यांनी खडूवरची नजर न काढता हात पसरला. मी सुपारी ठेवली.