नवाबपुऱ्यातला एक कारखाना

मी हिमरूचा माग. खटखट बोलणं हाच माझा धंदा. पण सरकारनं माझ्यावर जी कृपा केली, तिनं माझी वाचा बसली ती बसलीच.

सागवानातून घडलो, औरंगाबादेत नवाबपुऱ्यातल्या एका खोलीत रुजलो. गयास माझ्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकायचा, त्याची बायको सगीरा नक्षीचे दोरे ओढायची. सूत-रेशमाचं ते हिमरू कापड शेरवान्यांना जायचं. पोलीस ॲक्शननंतर जहागिरी गेल्या, पाठोपाठ शेरवान्याही गेल्या. माणसं बुशशर्टात लोकशाही साजरी करू लागली. गल्लीतले माग एकेक करून चुलीत गेले.

मग सरकार जागं झालं. बेकार विणकरांना सूत-रेशीम मिळणार! गयासनं अर्ज केला : ‘माझा कारखाना बंद आहे.’ आमच्याकडं एका मागाच्या खोलीलाही कारखानाच म्हणतात.

चौकशीला इन्स्पेक्टर नानासाहेब आले. आधी त्यांनी धुराडं शोधलं.

“कारखाना कुठाय?”

“हाच की, साहेब.”

“म्हणजे तुम्ही कारखानदार! रेशीम कामगारांना आहे. तुमचे कामगार किती?”

गयास गोंधळला. “ही एकच. बीवी आहे माझी.”

‘कामगार एक, स्त्री,’ असं नानासाहेबांनी लिहून घेतलं.

महिन्यानं नोटीस आली. परवानगीविना कारखाना बंद करून कामगारास बेकार केल्याबद्दल कारवाई का करू नये? पंधरा दिवसांत कामगारास कामावर घ्यावे.

सगीरा हसत सुटली. “सुनो जी सेठ, कल से आऊं काम पे?”

नानासाहेब पुन्हा आले, तसा गयास घाबरून खड्ड्यात उतरला. माझ्यावर एक धागा नव्हता. सगीरानं दोरे ओढले, त्यानं रिकामा धोटा फेकला. खट. खट. नुसतं लाकडावर लाकूड. जन्मात मी असा आवाज काढला नव्हता.

नानासाहेब दारातूनच म्हणाले, “वा! सुरू झाला की!” आणि लिहिलं : ‘कारखाना चालू. बेकारीचे निवारण झाले.’

“पण साहेब, कापड कुठं हाये?” गयासनं विचारलं.

“कापडाचा रकाना नाही यात.”

चालू कारखान्याला मदत कशाची? अर्ज निकाली निघाला. गयास आता लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलतो. माझा खड्डा सगीरानं मातीनं बुजवला. फायलीत मात्र मी अजून रोज चालतो आहे. वाचकहो, त्या कचेरीत तुमचं कुणी ओळखीचं असेल, तर एवढं करा : मला तिथं तरी थांबवा.