ओल्या लाकडाची ऊब

"ओलं लाकूड जास्त टिकतं," माझे थोरले दीर मिलोयको भर पंगतीत सांगत होते, आणि माझा नवरा त्यांच्या शेजारी बसून खोकत होता.

टिकतं म्हणे! न टिकायला काय झालं? पाणी पेटतं का कधी? आमचं अख्खं उझित्से गाव दर ऑक्टोबरात अंगणात बीच झाडाचे ओंडके उतरवून घेतं, कालपरवा तोडलेले, आणि थंडी पडली की तेच चुलीत. मग ते सूं-सूं करत, टोकातून फेस काढत पडून राहतात, आणि घरधनी मिशीवर हात फिरवून म्हणतो, बघा कसं पुरवून जळतंय.

माझ्या नवऱ्याची, रादिसावची, निम्मी फुप्फुसं लोखंडाच्या ओतकारखान्याने खाल्ली. उरलेल्यांवर तो कसाबसा श्वास ओढतो. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, धुरात राहिले तर हा हिवाळा निघणार नाही. म्हणून आम्ही आमची चूल भंगारात घातली आणि हीट पंप बसवला. पण पंप आमच्या घरात आणि घराण्याच्या संताचा सण थोरल्यांच्या घरात, एकाच अंगणात समोरासमोर. या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही, आपणहून जायचं असतं, आणि न जाणं म्हणजे आम्ही मेलो असं कळवणं. मी सकाळपासून म्हणत होते, तू नको जाऊस, मी जाते. तर हा म्हणाला, "अगं, भाऊ आहे तो माझा." झालं! पुढे बोलायची सोयच नाही.

खोलीत सगळी गल्ली दाटीवाटीने बसलेली. चूल तापलेली, खिडक्या गच्च. मिलोयको यजमान, म्हणून रिवाजाप्रमाणे उभे राहून वाढत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

त्यांची लेक तियाना नोवी साद शहरात घरं गरम करण्याच्याच कामात आहे. तिला राहवलं नाही. "बाबा, ओलं लाकूड आधी पाणी उकळतं, मग जळतं. तेही अर्धवट. राहिलेलं धूर होऊन वर जातं. तुमच्या चुलीत दहा ओंडके घातले तर पाचांची ऊब मिळते. चांगली शेगडी आणि सुकं लाकूड असेल तर आठांची. काकूच्या पंपाला एक वाटी वीज दिली की तीन वाट्या ऊब मिळते. तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून गोळा करतो."

"आणि ती वीज कुठून येते? काकूच्या अंबाड्यातून?" मिलोयको म्हणाले. "कोळसा जाळूनच ना? म्हणजे हिचा धूर वीजकेंद्राशेजारच्या लोकांच्या नाकात. मी निदान माझा धूर माझ्या गावात ठेवतो!"

पंगत खो-खो हसली. मला राग आला, आणि त्यात थोडं खरं होतं म्हणून जास्तच आला.

"खरं आहे," तियाना म्हणाली. "कोळशाच्या तीन वाट्यांतून विजेची एकच निघते. पंप तिच्या पुन्हा तीन करतो, म्हणजे फिटंफाट. साध्या तारेच्या हिटरला तेवढंही जमत नाही. पंप धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणतच नाही. पण तिथल्या चिमणीला गाळण्या आहेत बाबा. तुमच्या धुराड्यावर नुसता कावळा बसतो."

"खा गं बाई, मासा निवतोय," कुणीतरी म्हणालं.

आणि रादिसावला ढास लागली. आधीसारखी नाही. आतून काहीतरी फाटत यावं तशी. त्याने टेबलाची कड घट्ट धरली. ओठ निळसर झाले. मी उठले आणि खिडकी सताड उघडली.

"वारा! वारा लागेल!" सगळे एकदम ओरडले. आमच्याकडे माणूस वाऱ्याच्या झोताने मरतो, धुराने कधीच नाही. कुणी मानेला रुमाल गुंडाळला, कुणी कानावर हात धरला. तेवढ्यात जाऊबाई झागोर्का बीन्सचं भांडं घेऊन स्वयंपाकघराचं दार ढकलून आत आल्या, आणि दोन्हीकडून वारा खेळून टेबलावरची सणाची मेणबत्ती फप्प करून विझली.

ती विझू द्यायची नसते. संध्याकाळी यजमानानेच वाइनचे थेंब टाकून शांत करायची असते. जाऊबाईंनी भांडं तिथेच ठेवलं आणि छातीवर क्रूस काढला. "गेलं! आता या घरातून माणूस जाणार!"

"स्टोयांका, तू माझ्या घराण्याची मेणबत्ती विझवलीस!" मिलोयको गरजले.

"जाणारच माणूस!" मी ओरडले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हा काय, तुमच्या समोर बसलाय! तुमचा सख्खा भाऊ! रोज थोडा थोडा जातोय, तेव्हा कुणी क्रूस नाही काढला! आणि मेणबत्तीचं नाव घेऊ नका. भावोजी, त्याला तुमचं लाकूड मारतंय, समजलं? तुमचं ते टिकणारं लाकूड!"

तियाना रडत होती. मिलोयको भावाकडे बघत होते, आणि मला वाटलं, आता काहीतरी होईल.

रादिसावने माझी बाही ओढली. त्याला बोलायला वेळ लागला.

"अगं, लाव ती खिडकी. बाहेर जास्त आहे."

मी बाहेर बघितलं. भर दुपारी समोरचा डोंगर दिसत नव्हता. गल्लीतल्या एकूणएक धुराड्यातून धूर निघत होता, वर न जाता छपरांवरच बसत होता. ती सगळी धुराडी माझ्या मागे पंगतीत बसलेल्यांची होती. मी खिडकी लावली.

मिलोयकोंनी मान खाली घालून मेणबत्ती पुन्हा पेटवली. खोली गार पडली होती. जाऊबाईंनी चुलीचं दार उघडून आणखी एक ओंडका आत सारला, आणि त्यांना नीट वाकता यावं म्हणून रादिसावने आपली खुर्ची सरकवली.